मालवणी घरात मुलाने मासे सोडले: रोज काय रांधायचं, आणि हे खाणं आपलं की परकं?

लालबागच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घर मूळचं मालवणकडचं, सोमवार-गुरुवार सोडले तर रोज मासळी. मोठ्या मुलाने मासे-मटण पूर्ण सोडलं आहे. त्याच्यासाठी पनीर, सोया, फ्लॉवर-बटाटा असं वेगळं करून त्या दमल्या आहेत, आणि मुलगा ते अर्धं टाकून उठतो. सासूबाईंचं म्हणणं, हे ब्राह्मणांचं आणि गुजरात्यांचं खाणं, आपल्यात असलं काही नव्हतं. एका स्वयंपाकघरात सगळ्यांचं पोट आणि मन भरेल असं काय करता येईल, असं त्या विचारतात.

ताई, पहिली गोष्ट म्हणजे पनीर थांबवा. पनीर वाईट आहे म्हणून नव्हे, तर तुमच्या वाटपाशी, म्हणजे वाटलेल्या खोबरं-मसाल्याशी, त्याचं जमत नाही म्हणून. खोबरं, कोकम आणि मालवणी मसाला यांना आत शिरायला जागा हवी असते. सुरण, नीरफणस, काळे वाटाणे, ओले काजू, शेवग्याच्या शेंगा हे सगळं रस पितं. पनीर पीत नाही. बाहेरून लाल दिसतं, आत पांढरंफटक राहतं, आणि तुमच्या मुलाला नेमकं तेच रुचत नसणार. मी दादरला डबे आणि घरगुती कार्यांचं जेवण करून देते. मासे सोडलेली बरीच मंडळी माझ्याकडे डबा लावतात, आणि पहिल्या आठवड्यात जवळपास सगळ्यांची तक्रार एकच असते: जेवणाला चवच नाही. त्यांना मासा आठवत असतो असं मला वाटत नाही. त्यांना आठवतो तो माशाभोवतीचा रस्सा. तो रस्सा तुमच्या हातात आहेच.

दुसरी गोष्ट, सासूबाईंनाच कामाला लावा. गावी त्यांच्या आईच्या घरी सोमवारी काय शिजायचं, श्रावणात काय, देवळातल्या समाराधनेला काय, हे त्यांना एकेक करून विचारा. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे, आंबोळ्या, मूगागाठी (मोडाचे मूग), फणसाच्या कुयरीची भाजी, अळू, खतखतं, सोलकढी, घावणे-रस अशी यादी त्या न थांबता सांगतील. हे सगळं शिवराक, म्हणजे बिनमाशा-मटणाचं, आहे, आणि ते मासे खाणाऱ्या घरांनीच रांधून रांधून घडवलं आहे. आठवड्यात दोन दिवस, शिवाय सणवार आणि श्रावण धरला तर कोकणातलं मासेखाऊ घर वर्षातले निदान शंभर-सव्वाशे दिवस बिनमाशाचं जेवतं. इतके दिवस ज्या घरात एक प्रकारचं अन्न शिजतं, ते परकं कसं म्हणायचं?

सासूबाईंना तसं का वाटतं, हे मात्र मला समजतं. मुंबईत 'शुद्ध शाकाहारी' अशी पाटी ज्या ज्या दुकानावर लागली, तिथे दुसऱ्यांचं जेवण मिळालं. दादरचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० सालचं, माटुंग्याचं रामा नायकांचं उडुपी बोर्डिंग १९४२ सालचं. पुढे गुजराती थाळीची ठिकाणं वाढली. ही सगळी चांगली ठिकाणं आहेत, त्यांनी या शहराला जेवू घातलं आहे. पण मालवणी पाटी लागली की आत सुरमई आणि कोंबडी वडे. काळ्या वाटाण्याचं सांबारं कुणी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं नाही. ते घरातच राहिलं, सोमवारपुरतं. म्हणून शहरात वाढलेल्या पोरांना शिवराक म्हणजे फोडणीचं वरण आणि पनीर मसाला वाटतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता 'आपल्यात कधी नव्हतं' याबद्दल. मांस वर्ज्य करण्याचा विचार या किनाऱ्यावर फार जुना आहे. नालासोपाऱ्याला, म्हणजे जुन्या शूर्पारक बंदरात, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय असा, की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, तिथे शिकार चाले. अशोकाने ते सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. त्याचाच पहिला लेख गिरनारला पूर्ण मिळतो, त्यात तर थेट स्वयंपाकघराचा हिशोब आहे: पूर्वी राजाच्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही, पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाने आपला मुदपाकखाना हळूहळू बदलला आणि ते दगडावर लिहून ठेवलं. एकदम सगळं बंद केलं असं त्याने लिहिलेलं नाही, कमी करत आणलं असं लिहिलं आहे. मला स्वयंपाक करणारी म्हणून हे फार खरं वाटतं. घराचं खाणं असंच बदलतं.

पण राजाच्या लेखाने कुणाच्या घरातली चूल बदलत नाही. महाराष्ट्रात बामणांच्या बाहेर शिवराक रुजवलं ते बऱ्याच अंशी वारकऱ्यांनी. ज्याने तुळशीची माळ घातली त्याने मांस-मासे सोडले. हे माळकरी कोण? शेतकरी, माळी, धनगर, कुणबी, मराठे. कोकणात आणि मुंबईतही माळ घातलेली माणसं आगरी-कोळ्यांच्या घरांतून भेटतात. एकाच घरात आजोबा माळकरी आणि बाकी सगळे खाणारे, ही व्यवस्था आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. आजोबांचं ताट आधी वाढायचं, त्यांची भांडी बाजूला, त्यांच्या आमटीत कुणाचा चमचा जाणार नाही याची सून काळजी घ्यायची. तुमच्या घरात आज जी अडचण वाटते, ती अशा किती तरी घरांनी शांतपणे सांभाळली आहे. मुलाने माळ घातली नाही, स्वतःच्या विचाराने सोडलं, एवढाच काय तो फरक.

समुद्रालाही त्यात वाटा आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात. सध्या सरकारी नियमाने १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. दीप अमावास्येनंतर श्रावण, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मासळीच्या विणीचा काळ आणि आपले वर्ज्य महिने एकमेकांना लागून येतात. अर्थात सुकट आणि सुके बोंबील असतातच, त्यामुळे पावसाळा सगळ्यांचाच शिवराक जातो असं नाही.

आणि आपल्याकडचा धर्मही एका रंगाचा नाही. भाद्रपदात गणपतीला मोदक, ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी, आणि लगेच गौरीला कोकणातल्या नि सीकेपींच्या कित्येक घरांत तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण किंवा मासळी. तीनही त्याच घरात, त्याच आठवड्यात. म्हणून सासूबाईंना सांगा, मुलगा घराबाहेर गेलेला नाही. घरातलाच एक भाग त्याने कायमचा घेतला आहे.

युरोपात मांस न खाणाऱ्यांची रीतसर संस्था १८४७ साली इंग्लंडमध्ये निघाली, व्हेजिटेरियन सोसायटी. त्याआधी तिकडे अशा लोकांना पायथागोरसचे अनुयायी म्हणत. गांधीजी लंडनला शिकायला गेले तेव्हा तिथल्या शाकाहारी मंडळात सामील झाले. घरच्या संस्कारामुळे मांस टाळणारा तो तरुण तिथे विचाराने शाकाहारी झाला. तुमच्या मुलासारखी विचाराने सोडणारी माणसंही काही आजची नाहीत.

आता चुलीकडे.

मासळीच्या रश्श्याची चव तीन गोष्टींत असते: वाटप, आंबट आणि वास. यातलं एकही मासा नाही. कच्चं वाटप म्हणजे ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या बेडगी मिरच्या, धणे, हळद, असेल तर चार मिरी, गंधासारखं बारीक वाटलेलं. हे मूगागाठी, सुरण, शेवगा, अळंबी यांना. भाजकं वाटप म्हणजे सुकं खोबरं आणि उभा चिरलेला कांदा, दोन्ही वेगवेगळं, चॉकलेटी रंगावर येईपर्यंत मंद आचेवर भाजलेलं, त्यात मालवणी मसाला. हे काळे वाटाणे, चणे, काजू, कुयरी यांना. या दोन वाटपांची अदलाबदल करू नका. भाजीला बेचव म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा चुकीचं वाटप पडलेलं असतं, किंवा खोबरं घाईत पांढरं राहिलेलं असतं. भाजक्या वाटपाला वेळ द्या. मटणाच्या रश्श्यात ती खोली हाडाच्या रसातून येते. इथे ती कांदा-खोबरं भाजण्यातूनच आणावी लागते.

आंबटात कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), चिंच, कैरी, आंबाडे. कच्च्या वाटपाच्या कालवणाला कोकम शेवटी घाला, एक उकळी पुरे. अळू आणि सुरण यांना मात्र आंबट सुरुवातीपासून हवं, कारण त्यांत घशाला खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. चिंच-कोकम आणि पुरेसं शिजणं, दोन्ही लागतात. सुरण चिरताना हाताला तेल लावा, फोडी कोकमाच्या पाण्यात घालून ठेवा.

वास म्हणजे तिरफळ, मसाल्यात वापरतात ते रानफळ. बांगड्याच्या तिकल्यात जो वास येतो तो याचाच. आतली काळी बी काढून टाका, ती कडू असते. फक्त सालं घ्या. पाच-सहा सालं जराशी ठेचून पाण्यात घाला आणि ते पाणी सालांसकट उकळत्या कालवणात शेवटी सोडा. तिरफळ घातलेल्या कालवणात कांदा-लसणाची फोडणी देऊ नका, वास मरतो. वर कच्चं खोबरेल तेल चमचाभर. तुमच्या मुलाला मूगागाठीचं असं कालवण वाढून बघा: मोड आलेले मूग, सालं काढलेले, अख्खे राहतील असे शिजवलेले. माझ्याकडच्या डब्यात ज्या दिवशी हे असतं त्या दिवशी डबे चाटूनपुसून परत येतात.

तळलेल्या तुकडीची जागा कापांनी भरते, आणि छान भरते. नीरफणस सगळ्यात उत्तम, मग सुरण, कच्चं केळं, वांगं. सुरण आधी कोकम आणि मीठ घातलेल्या पाण्यात अर्धं शिजवून घ्या, बाकीचे कच्चेच. मीठ, हळद, मालवणी मसाला आणि आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग रवा आणि तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा आणि तव्यावर थोड्या तेलात मंद भाजा. घाई केली तर रवा जळतो आणि आतलं कच्चं राहतं. सुरमईला तुम्ही जो मसाला लावता तोच लावा, वेगळा काही करू नका.

कडधान्यांवर मी जास्त भर देते, कारण मासळी गेली की ताटातली प्रथिनं जातात आणि बटाटा ती भरून काढत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या कडधान्यात वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे रोज एक उसळ आणि एक घट्ट वरण किंवा आमटी, हा नियमच ठेवा. मोड आणले की पचायला सोपं जातं आणि धान्यातलं लोह शरीराला जास्त मिळतं. वर लिंबू पिळलं तर आणखी. जीवनसत्त्व ब १२ मात्र वनस्पतींत भरवशाचं नसतं. मुलगा दूध-दही घेत असेल तर ते रोज द्या, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्या. दूधही सोडलं असेल तर गोळीशिवाय भागणार नाही. हे मी डबा लावणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, आणि माणूस दोष शिवराक जेवणाला देतो.

कडव्या वालांचं बिरडं शिका. वाल रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, मग कोमट पाण्यात घालून सोला. सोलायला वेळ जातो, घरातल्या सगळ्यांना बसवा, मुलालाही. कुकर वापरू नका, वालांचा लगदा होतो. कढईत फोडणी, वाल, आणि झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर. मग नारळाचं दूध, गूळ, कोकम. काळे वाटाणे उलट कुकरलाच लावा, दहा-बारा तास भिजवून, आणि शिजलेल्यातले मूठभर वाटून रश्श्यात परत घाला म्हणजे रस्सा मिळून येतो.

पावसाळा सुरू होताना दादरच्या भाजी बाजारात आणि लोकल स्टेशनांबाहेर वसई-पालघर-कर्जतकडच्या बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, टाकळा, फोडशी, कुर्डू, पुढे कंटोली. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, ही आंबट रानफळं, तीही मागून घ्या. त्याशिवाय शेवळं घशाला खाजतात. आपल्याकडे शेवळांत खिमा किंवा सोडे घालतात, तसेच वालही घालतात, आणि वालांची शेवळं कमी उतरत नाहीत. हे दिवस थोडे असतात, चुकवू नका. अळंबी मात्र ओळखीच्या माणसाकडूनच.

उपासाच्या पदार्थांवर रोजचं भागवू नका. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून गेल्या पाचेकशे वर्षांत आलं. त्याआधीचा उपास वरी-शिंगाड्याचा. म्हणजे परंपराही नवं घेत आली आहे, त्यामुळे मुलाला एखाद दिवशी टोफू खावासा वाटला तर खाऊ द्या. पण साबुदाणा नुसता पिष्ट आहे, जेवण म्हणून तो पुरत नाही.

दोनदा स्वयंपाक करण्याचं ओझं कमी होण्यासारखं आहे. वाटप एकदाच करा. कालवण उकळेपर्यंत एकाच पातेल्यात, मग अर्धं दुसऱ्या पातेल्यात काढा: एकात बांगडा, दुसऱ्यात शेवग्याच्या शेंगा किंवा आंबाडे. आधी काढायचं, मासा नंतर घालायचा, हा क्रम मोडू नका. तवा, तळणीचं तेल आणि उलथनं वेगळं ठेवा. मासे तळलेल्या तेलात त्याची कापं तळू नका, 'काय कळतंय' असं म्हणून तर मुळीच नाही. त्याने सोडलं आहे, त्याचा मान राखला गेला पाहिजे.

सुरुवात उडदमेथीने करा, कारण ती बांगड्याचीही होते आणि आंबाड्याची किंवा कैरीचीही, तुमच्या सासूबाईंना दोन्ही येत असतील. चौघांना एक वाटी खोवलेलं ओलं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे. थोड्या खोबरेल तेलात मोठा चमचाभर उडदाची डाळ बदामी होईपर्यंत परता, मग गॅस बारीक करून दहा-बारा मेथीदाणे. मेथी लाल झाली की लगेच उतरवा, काळी पडली तर सगळं कडू होईल आणि ते टाकून पुन्हा करावं लागेल. डाळ-मेथी शेवटी घालून वाटप थोडं भरड ठेवा. आंबाडे ठेचून मीठ, हळद आणि गुळाच्या खड्याबरोबर शिजवा, वाटप घाला, एक उकळी येऊ द्या, मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी वरून. बांगड्याच्या पातेल्यात गूळ घालू नका, तिथे कोकम किंवा चिंच. दोन्ही पातेली अर्धा तास झाकून ठेवा, उडदमेथी मुरल्यावरच लागते. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि कच्च्या केळ्याची कापं. सोलकढी दोघांनाही एकाच भांड्यातली चालेल.